चिठ्ठी आहे, औषध नाही: प्रौढ एडीएचडी रुग्णांसाठी अन्न व औषध प्रशासनाला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: प्रौढ रुग्णांना मिथाइलफेनिडेट नियमाप्रमाणे आणि खंड न पडता मिळण्याबाबत

महोदय,

पस्तिशी-चाळिशीत पहिल्यांदा एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान झालेली माणसं मानसोपचाराच्या ओपीडीत आता नवलाची राहिलेली नाहीत. कुणी मुलाला तपासायला आणतं आणि प्रश्नावली भरता भरता स्वतःलाच ओळखतं. कुणी वर्षानुवर्षं नैराश्याच्या नाहीतर अस्वस्थतेच्या गोळ्या घेत आलेलं असतं. बायकांचं निदान तर हमखास लांबतं, कारण वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी शाळेत कुणाच्या नजरेत भरत नाही. अशा रुग्णांना औषध लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि काउंटरवर ते देणारे फार्मासिस्ट असे आम्ही मिळून हे पत्र लिहीत आहोत. पत्र एकाच औषधाबद्दल आहे, एडीएचडीत लक्ष टिकवायला दिलं जाणारं उत्तेजक औषध मिथाइलफेनिडेट. मागणीही नवा कायदा करा अशी नाही. आजचे नियम जेवढं देतात तेवढं रुग्णाच्या हातात पडावं, एवढंच म्हणणं आहे.

कुलूप काढा असं आम्ही म्हणत नाही. हे औषध 1945च्या औषधे नियमांत शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे आणि 1985च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या यादीतही आहे, आणि ते तिथे असण्याला कारण आहे. रात्र जागवायची गोळी म्हणून ते मागणारे असतात. अशांना हात हलवत परत पाठवणारा केमिस्ट आपलं काम चोख करतो. प्रश्न आहे तो ज्याच्या हातात रीतसर चिठ्ठी आहे, त्यालाही तसंच परत जावं लागतं याचा.

ती चिठ्ठी काउंटरवर येईपर्यंत काय काय झालेलं असतं, ते आपल्या निरीक्षकांना ठाऊक असावं म्हणून थोडक्यात सांगतो. 17 वर्षं किंवा त्याहून मोठ्या माणसात लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या 9 लक्षणांपैकी किमान 5 हवीत. त्यातली काही वयाच्या 12 वर्षांआधीपासून असली पाहिजेत आणि त्रास एकाहून जास्त ठिकाणी दिसला पाहिजे, म्हणजे घरीही आणि कामावरही. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं मागवतो, आईला नाहीतर मोठ्या भावंडाला फोन लावतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 बघतो. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं विचारतो, कारण झोप मोडलेल्या माणसाचं दिवसभर लक्ष नसतं आणि तो एडीएचडीसारखाच दिसतो. बायपोलरचा इतिहास, दारू, गांजा, काचबिंदू हे सगळं विचारून होतं. नाडी, रक्तदाब आणि वजन लिहून ठेवतो. ईसीजी सरसकट काढत नाही. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, किंवा आईवडील-भावंडांत कुणी चाळिशीच्या आत हृदयविकाराने अचानक गेलेलं असणं, असं काही निघालं तर मात्र आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवतो आणि मगच औषधाचा विचार होतो.

एवढं सगळं होऊन रुग्ण मेडिकलवर जातो आणि काउंटरवरचा पहिला प्रश्न येतो, "हे लहान मुलांचं औषध ना? तुमच्या मुलासाठी का?" स्वतःसाठी आहे म्हटलं की चिठ्ठी उलटसुलट बघितली जाते. मग "आमच्याकडे येत नाही" नाहीतर "मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिकलला बघा." निदान स्वीकारायलाच ज्याला महिने लागले, त्याला चार लोकांसमोर आपण नशेची गोळी मागतोय की काय असं वाटायला एवढं पुरतं. शेड्यूल एक्समध्ये रुग्णाच्या वयाची कोणतीही अट नाही. हे एक वाक्य आपल्याकडून लेखी आलं तरी निम्मी कुजबुज थांबेल.

केमिस्टची बाजूही खरी आहे. शेड्यूल एक्ससाठी नेहमीच्या परवान्यांशिवाय फॉर्म 20-एफचा वेगळा परवाना लागतो. कुलपाचं वेगळं कपाट किंवा खण लागतो, त्यात दुसरं काही ठेवायचं नाही. पानांवर क्रमांक छापलेलं बांधीव रजिस्टर लागतं, प्रत्येक औषधाला वेगळी पानं. त्यात आलेला माल, पुरवठादाराचा परवाना क्रमांक, बॅच, रुग्णाचं नाव-पत्ता, चिठ्ठीचा संदर्भ, बिल क्रमांक आणि ज्याच्या देखरेखीखाली औषध दिलं त्याची सही. चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षं जपायची. महिन्याकाठी दोन-तीन गिऱ्हाइकांसाठी हा व्याप कोण करणार? त्यात माल पडून राहिला आणि मुदत संपली तर त्याचा हिशेब वेगळा. म्हणून परवाना असलेली दुकानंही बेताचा माल आणतात आणि हवी ती ताकद बरोबर हवी तेव्हा संपलेली असते.

याचा परिणाम कुठल्याही नोंदीत दिसत नाही, पण आम्हाला रोज दिसतो. कोणतं औषध निवडायचं हे दुकानाच्या कपाटावरून ठरतं. एडीएचडीचंच दुसरं औषध ॲटोमॉक्सेटिन शेड्यूल एक्समध्ये नाही, एका साध्या चिठ्ठीवर मिळतं, म्हणून ते लिहिलं जातं. औषध वाईट नाही. व्यसनाचा इतिहास असेल, किंवा मिथाइलफेनिडेटने घाबरल्यासारखं होत असेल, तर आम्हीही तेच निवडतो. पण त्याची चाल वेगळी आहे. 40 मिलिग्रॅमने सुरुवात करून निदान आठवडाभराने 80वर न्यायचं, आणि खरा फरक कळायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोपर्यंत मळमळ, तोंड कोरडं पडणं, लघवीला वेळ लागणं आणि पुरुषांत लैंगिक तक्रारी एवढंच हाती येतं, आणि पुष्कळजण तिसऱ्या आठवड्यातच सोडून देतात.

उशिरा निदान झालेल्यांत आणखी एक अडचण आहे. त्यातले बरेचजण आधीच नैराश्यासाठी फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिनवर असतात, कुणी सिगारेट सोडायला बुप्रोपिऑनवर. ही तिन्ही औषधं यकृतातलं जे एन्झाइम ॲटोमॉक्सेटिनची विल्हेवाट लावतं त्यालाच अडवतात, त्यामुळे रक्तातलं प्रमाण कितीतरी पट चढतं. अशा रुग्णाला 40वरच चार आठवडे थांबवून, गरज वाटली तरच वाढवायचं असतं. नेहमीच्या वेगाने 80 केलं की नाडी धडधडते, घाम फुटतो आणि "मला एडीएचडीचं औषध सोसत नाही" असा कायमचा शिक्का बसतो. दोष औषधांच्या जोडीचा असतो आणि खापर निदानावर फुटतं.

मिथाइलफेनिडेटचं उलटं आहे. साधी गोळी अर्ध्या तासात लागू होते, तीन-चार तास चालते आणि उतरते. चाललं की नाही ते त्याच दिवशी कळतं. पण मात्रा वजनावरून काढता येत नाही. 5 मिलिग्रॅमपासून आठवड्या-आठवड्याने वर जात, कुठे फायदा थांबतो आणि त्रास सुरू होतो ते शोधावं लागतं. 10 मिलिग्रॅमची, मधे खाच असलेली साधी गोळी धरून पहिला महिना मांडून दाखवतो. पहिल्या आठवड्यात सकाळी अर्धी, दुपारी अर्धी, म्हणजे 7 गोळ्या. दुसऱ्यात सकाळी एक, दुपारी अर्धी, साडेदहा. तिसऱ्यात एक-एक, 14. चौथ्यात सकाळी एक, दुपारी एक आणि चारच्या आत अर्धी, साडेसतरा. बेरीज 49, म्हणजे दहाच्या 5 पट्ट्या. आता दुकानदार "सध्या एकच पट्टी आहे, ती न्या" म्हणाला की काय होतं बघा. दहा गोळ्या दुसऱ्या आठवड्याच्या दुसऱ्याच दिवशी संपतात. चिठ्ठीवर शिक्का पडलेला असतो आणि एक प्रत दुकानात जमा झालेली असते. उरलेल्या 39साठी रुग्णाला पुन्हा डॉक्टरकडे जावं लागतं, तेही प्रत्यक्ष, कारण मार्च 2020च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार शेड्यूल एक्सचं औषध फोनवर किंवा व्हिडिओवर लिहिता येत नाही. मधे आठ-दहा दिवस गेले की मागच्या मात्रेशी तुलना उरत नाही आणि गाडं पुन्हा पहिल्या आठवड्यावर येतं. आणि हा माणूस कोण, तर कागद सांभाळणं, वेळ गाठणं आणि फेऱ्या लक्षात ठेवणं हेच ज्याला जमत नाही म्हणून तो उपचाराला आला.

चिठ्ठीच्या लिखाणात आम्हा डॉक्टरांच्याही चुका होतात, आणि त्या आधी सांगितल्या पाहिजेत. नियम 65 म्हणतो की लिहिणाऱ्याने स्पष्ट लिहिल्याशिवाय चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं. याचाच अर्थ, "दर 30 दिवसांनी, एकूण 3 वेळा द्यावे" असं लिहिलं तर त्याच चिठ्ठीवर तीनदा देता येतं, प्रत्येक वेळी दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख टाकून. हे वाक्य लिहिणारे डॉक्टर फार थोडे, आणि ते वाचून औषध देणारे केमिस्ट त्याहून थोडे. पुढचा मुद्दा एनडीपीएस नियमांचा. स्वतःच्या उपचारासाठी माणसाला एका वेळी 100 मात्रांपर्यंत जवळ ठेवता येतात. दीर्घकालीन उपचार म्हणून डॉक्टरने तसं खास लिहिलं तर 300पर्यंत. दिवसाला तीन साध्या गोळ्या घेणाऱ्याच्या महिन्याला 90 होतात, त्या शंभरात बसतात. दिवसातून एकदाच दीर्घ परिणामाची गोळी घेणाऱ्याच्या तर तीन महिन्यांच्या 90. मग गडचिरोलीहून नागपूरला किंवा कणकवलीहून कोल्हापूरला येणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला का फिरवायचं? मात्रा स्थिरावल्यावर तिमाही पुरवठा कायद्यात बसतो. मात्रा बसेपर्यंत मात्र आम्ही स्वतःच महिन्यापेक्षा जास्त लिहीत नाही, आणि लिहूही नये.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त खोळंबा करते. याच नियम 65नुसार शेड्यूल एक्सच्या चिठ्ठीवर लिहिलेल्याऐवजी दुसरं उत्पादन देता येत नाही, औषध तेच असलं तरीही. डॉक्टरने एका कंपनीचं नाव लिहिलं आणि कपाटात दुसरीचं आहे, तर केमिस्टने नाही म्हणणं बरोबरच आहे. म्हणून मूळ औषधाचं नाव लिहावं. पण नुसतं "मिथाइलफेनिडेट 20" लिहून भागत नाही. साधी गोळी तीन-चार तासांची, एसआर (हळू उतरणारी) साधारण सात-आठ तासांची आणि पाणी शोषून हळूहळू औषध बाहेर सोडणारी दहा-बारा तासांची. मिलिग्रॅम सारखे दिसले तरी दिवस सारखा जात नाही. तेव्हा चिठ्ठीवर औषध, गोळीचा प्रकार, ताकद, एका वेळची मात्रा आणि एकूण गोळ्या आकड्यांत व अक्षरांत लिहाव्यात. त्याखाली किती वेळा व किती अंतराने द्यायचं, रुग्णाचं पूर्ण नाव, वय, पत्ता, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक. दोन प्रती, दोन्हींवर मूळ सही. झेरॉक्सवर केमिस्टने अडवलं तर त्याला बोल लावू नये.

काउंटरवर दोन वाक्यं जास्त बोलली गेली तर काय वाचतं तेही नोंदवतो, कारण परिपत्रक निघालं तर फार्मासिस्टच्या समुपदेशनाचा उल्लेख त्यात हवा. दीर्घ परिणामाची गोळी मोडायची, चावायची किंवा कुटायची नाही. दिवसभराचं औषध तासाभरात अंगात उतरतं. पाणी शोषणाऱ्या गोळीचं रिकामं टरफल शौचातून तसंच्या तसं बाहेर पडतं. ते पाहून "गोळी विरघळलीच नाही" म्हणून लोक दुसरी घेतात, ते सांगायलाच हवं. ॲटोमॉक्सेटिनची कॅप्सूल उघडायची नाही, भुकटी डोळ्याला झोंबते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, त्याने रक्तदाब आणखी वर जातो, म्हणून तीही विचारून घ्यावी. क्षयरोगाच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर लिनेझोलिड सुरू असलेला रुग्ण असेल तर या चिठ्ठीवर औषध देण्याआधी डॉक्टरला फोन झालाच पाहिजे, कारण लिनेझोलिड एमएओ नावाच्या एन्झाइमला अडवतं आणि दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक चढू शकतो. आपल्या राज्यात हा फोन निव्वळ पुस्तकी खबरदारी नाही.

भुकेचं तर हमखास. औषध चढायच्या आधी पोटभर नाश्ता, नाहीतर दुपारी भूक लागत नाही आणि संध्याकाळी औषध उतरताना चिडचिड आणि डोकेदुखी एकदम येते. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी नुसत्या चहावर दिवस काढणाऱ्यांना हे आधी सांगावं लागतं. चहा-कॉफीही मोजून. रोजे धरणाऱ्यांना दीर्घ परिणामाची गोळी सहरीला बसते, तिथे मात्रेपेक्षा पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. नाडी-रक्तदाब प्रत्येक वाढीनंतर आणि पुढे दर सहा महिन्यांनी. पाच मिनिटं शांत बसूनही नाडी 120च्या वर टिकत असेल, किंवा रक्तदाब लागोपाठ दोनदा 140/90च्या वर आला, तर मात्रा कमी करून दाखवायचं. गोळी लक्ष टिकवते, ते कुठे लावायचं हे ठरवत नाही, हेही पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं, नाहीतर सकाळी गोळी घेऊन माणूस चार तास मोबाइलमधले जुने फोटो लावत बसतो.

आता मागण्या. 20-एफ परवाना असलेल्या दुकानांची जिल्हा आणि तालुकावार यादी सामान्य माणसाला शोधता येईल अशी, मराठीत, आपल्या संकेतस्थळावर ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी ताजी करावी. साठा जाहीर करा असं आम्ही म्हणत नाही. चोरीचा धोका आम्हालाही कळतो. परवाना आहे की नाही एवढं कळलं तरी दहा दुकानांच्या पायऱ्या वाचतील.

जिल्ह्यांतले सहायक आयुक्त, औषध निरीक्षक आणि केमिस्टच्या संघटनांसाठी एक पानाचं परिपत्रक काढावं. त्यात वयाची अट नसल्याचं वाक्य, पुन्हा देण्याची तरतूद, 100 आणि 300 मात्रांची मर्यादा आणि बरोबर लिहिलेल्या चिठ्ठीचा नमुना असावा. नोंदणीकृत डॉक्टर परराज्यातला असला तरी चिठ्ठी चालते, हेही लिहावं. सावंतवाडी-दोडामार्गचे लोक गोव्यात बांबोळीला जातात, सोलापूर-सांगलीकडचे काहीजण बंगळुरूला, आणि तिथल्या चिठ्ठ्या इथे "बाहेरची आहे" म्हणून परत केल्या जातात.

केमिस्टने 49 गोळ्यांच्या चिठ्ठीवर 10 दिल्या तर उरलेल्या 39 त्याच दुकानातून, ठरावीक मुदतीत, त्याच चिठ्ठीवर देता येतात का, हे स्पष्ट करावं. आमच्या वाचनानुसार एकूण संख्या ओलांडली जात नसेल आणि रजिस्टरमध्ये दोन्ही नोंदी असतील तर नियमाच्या हेतूला धक्का लागत नाही. पण काउंटरवरचा माणूस आमच्या वाचनावर परवाना पणाला लावणार नाही, आणि लावूही नये. आपल्या सहीचा कागद हवा.

सार्वजनिक आरोग्य विभागाशीही बोलणं व्हावं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या ओपीडीत आणि जिल्हा रुग्णालयांत हे औषध प्रौढांसाठीही नियमित ठेवलं गेलं, तर खासगी दुकानांवरचा भार तितका हलका होईल.

परदेशातून परतणाऱ्यांबद्दल एक गोष्ट राहिली. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये निदान झालेले काहीजण लिसडेक्सॲम्फेटामिन घेत परत येतात. ते भारतात विकलं जात नाही, आणि कुरिअरने मागवणं म्हणजे एनडीपीएसच्या कचाट्यात सापडणं. त्यांनी निघण्याच्या दोन-तीन महिने आधीच तिथल्या डॉक्टरकडून मिथाइलफेनिडेटवर बदलून, मात्रा बसवून, जुन्या नोंदींसह यावं. उलट दिशेने आखातात जाणाऱ्यांनी, विशेषतः अमिरातीत, नियंत्रित औषधांसाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय एक पट्टीही बॅगेत टाकू नये. आपल्या यादीच्या पानावर या दोन ओळी टाकायला जागा लागणार नाही.

परिपत्रकाचा मसुदा आणि चिठ्ठीचा नमुना आम्ही तयार ठेवला आहे. आपल्या कार्यालयाने वेळ दिल्यास तो घेऊन येऊ.

आपले,
प्रौढ एडीएचडी रुग्णांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट